दुपारी बाराचा ई-सहा

आमच्या घरात एअर कंडिशनर आहे ही गोष्ट मी हल्ली चारचौघांत काढत नाही. अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलात ती चूक मी केली होती. सांगलीच्या उन्हाळ्यात ज्याच्या घरी गार हवा असते त्याच्याकडे माणसं दोन कारणांनी येतात, बसायला आणि अक्कल शिकवायला. आमच्याकडे बसायला आलेला एकही माणूस न शिकवता उठला नाही.

यंत्र मी घेतलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. सहकारी बँकेतला माणूस असल्या भानगडीत पडत नाही, त्याची धाव टेबल फॅनपर्यंत. ते पाठवलं माझ्या मेव्हण्याने, शौनकने, थेट शारजाहून. आणि पाठवलं ते त्याच्या वडिलांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्या वाईचे. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर नदीचं पाणी पंपाने माळावर चढवलं, त्यामुळे आपण सोडून जगात कुणालाच काही धड करता येत नाही अशी त्यांची पक्की समजूत आहे. आणि या 'कुणालाच' मध्ये पहिला नंबर माझा.

तर मिरजेला त्यांच्या छातीचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की टाके भरेपर्यंत वाईपर्यंतचा प्रवास करायचा नाही आणि छातीला घाम येऊ द्यायचा नाही. टाक्यांत घाम गेला की पू होणार, आणि पू झाला की पुन्हा ऑपरेशन. "आणि या वयात ते पुन्हा करायची माझी तयारी नाही," एवढं बोलून डॉक्टर चष्मा पुसत बसले. आमच्या सौभाग्यवतीने, प्रमोदिनीने, त्या पुसण्याकडे पाहूनच ठरवलं की वडील आता आपल्याकडे राहणार. कूलरची ओली हवा चालणार नव्हती. म्हणून शौनकचं यंत्र.

यंत्र दोन तुकड्यांचं. एक तुकडा खोलीत भिंतीवर, दुसरा मोठा डबा बाहेर मोकळ्यावर. आम्ही वरच्या मजल्यावर, तेव्हा तो डबा सोसायटीच्या गच्चीत. बसवायला माधवनगरचा दादासो आला. हा फ्रीज दुरुस्त करतो. असलं दुतुकडी यंत्र त्याने जन्मात पाहिलं नव्हतं हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं, पण विचारलं तर म्हणाला, "लय बशिवल्यात असली." मग भिंतीला एवढं मोठं भोक पाडलं की त्यातून शेजारचे सुभेदार सयाजीराव आत डोकावून म्हणाले, "रामराम."

पण यंत्र चाललं. खोली अशी गार झाली की तात्यांनी अंगावर चादर मागितली. प्रमोदिनीच्या चेहऱ्यावर हॉस्पिटलपासून पहिल्यांदा रंग आला. तात्या यंत्राकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, वायर अशी लोंबकळत सोडतात का? तुमच्या बँकेतल्या फायली वाटल्या काय?" मी म्हटलं, चला, प्रकृती सुधारतेय.

तो आनंद फार टिकला नाही. एके दिवशी भर दुपारी बँकेत प्रमोदिनीचा फोन आला. "अहो, ते शिट्टी वाजवून बंद पडलं! वर लाल अक्षरात ई-सहा आलंय. तात्यांना घाम फुटलाय. काय करू?"

मी रजा टाकून पळत घरी आलो. प्रमोदिनी वारा घालत होती, मी रुमालाने टाक्यांच्या कडा टिपत बसलो. तात्या छताकडे बघत होते. "चालायचंच," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढा समजूतदार शब्द ऐकून मला खरं म्हणजे तेव्हाच संशय यायला हवा होता.

यंत्राबरोबर एक पुस्तक आलं होतं. त्यातलं इंग्रजी वाचताना वाटावं की लिहिणाऱ्याला कुणीतरी उपाशी कोंडून ठेवलं होतं. ई-एक ते ई-नऊ असे दोष दिले होते आणि प्रत्येकासमोर उपाय. ई-सहासमोर होतं, 'बाहेरच्या भागाला त्रास होत आहे. त्याच्याभोवती हवा मोकळी आहे ना, पाहा. त्रास राहिल्यास जवळच्या विक्रेत्याला भेटा.' जवळचा विक्रेता शारजात होता. मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन पाहिलं. डबा मोकळा, भोवती हवा मोकळी, आभाळसुद्धा मोकळं. त्याला त्रास होत असेल असं काही त्याच्या तोंडावर दिसेना. खाली येऊन बटण दाबलं तर यंत्र सुरू. गार हवा, कसली तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला पुन्हा शिट्टी आणि ई-सहा. संध्याकाळी पुन्हा सुरळीत.

आता घरातलं यंत्र बिघडलं तर माणसाने गुपचूप बिघडू द्यावं. मी पार्किंगमध्ये सुभेदारांजवळ बोललो आणि संपलं.

"ई म्हंजे अर्थिंग," सुभेदार म्हणाले. "फौजेत सिग्नलला हुतो मी. ई बगितला की अर्थिंग बगायचं. सोपं हाय."

"आणि सहा?"

"सहा म्हंजे लय बेकार अर्थिंग."

संध्याकाळी सुभेदार पहार घेऊन आले. मीटरच्या मागे अर्थिंगचा खड्डा असतो, तो आम्ही उकरला. त्यात कोळसा घातला, मीठ घातलं, बादल्यांनी पाणी ओतलं. मी बँकेतल्या कपड्यांत चिखलात उभा होतो आणि सुभेदार "अजून वता, अजून वता" म्हणून हुकूम सोडत होते. शेवटची बादली जरा हुकली आणि थेट मीटरच्या पेटीत गेली. मोठा आवाज झाला आणि अख्ख्या सोसायटीची वीज गेली. त्याच वेळी टीव्हीवर शारजातली मॅच चालू होती, आणि आपली बॅटिंग होती. ज्या गावात आमचा जवळचा विक्रेता बसला होता त्याच गावातला सामना माझ्यामुळे आमच्या सोसायटीला दिसला नाही. खिडक्या उघडल्या. काय काय ऐकू आलं ते लिहिण्यासारखं नाही. सुभेदार तेवढ्यात कुठे गेले ते मला अजून कळलेलं नाही, फौजेतला माणूस, आडोसा कसा घ्यायचा हे त्यांना शिकवलेलं असतं.

वीज परत आली, दुसऱ्या दिवशी ई-सहासुद्धा परत आला.

मग दादासो. तो नेहमी काम सुटल्यावर, म्हणजे दिवेलागणीला यायचा, आणि त्या वेळी यंत्र शहाण्यासारखं चालत असायचं. त्याने डब्याला कान लावला, बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "गॅस कमी हाय सायेब. बाहेरदेशीचा गॅस, हितल्या हवेत टिकत न्हाई."

"मग आत्ता कसं चालतंय?"

"रातच्याला टिकतोय."

त्याने गॅस भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी शिट्टी, ई-सहा. दादासोला निरोप धाडला तर उलट निरोप आला की आता गॅस जास्त झाला असेल.

बँकेतले सहकारी म्हणाले, व्होल्टेज. दुपारी सगळ्यांचे पंखे चालू, व्होल्टेज पडतं. हे मला पटलं. मी वीज कचेरीत गेलो. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "व्होल्टेज दुपारी पडतं ना? मग तपासायला दुपारीच यायला हवं. दुपारी आमची माणसं तक्रारी घ्यायला इथे बसलेली असतात. ती तपासायला आली तर तक्रारी कोण घेणार?" मी म्हटलं, अहो, घरात ऑपरेशन झालेला माणूस आहे, एअर कंडिशनर बंद पडतो. त्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "एअर कंडिशनर? तुमच्या मंजूर भारात एअर कंडिशनर आहे?" मला मंजूर भार म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मी तक्रार करायला गेलो होतो आणि आरोपी होऊन परतलो.

या सगळ्यात एक साधी गोष्ट मी का केली नाही, असं तुम्ही विचाराल. दुपारी बारा वाजता गच्चीवर जाऊन का नाही पाहिलं? प्रश्न बाहेरच्या माणसाने विचारावा असाच आहे. एप्रिल महिना होता. वाळवणाचे दिवस होते. सकाळी चीक शिजवायचा, सोऱ्यातून कुरडया घालायच्या, पापड, सांडगे, शेवया, सगळं गच्चीवर. आणि ऊन चढल्यापासून ते चार वाजता वाळवण गोळा होईपर्यंत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हा कायदा. कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो मोडता येत नाही. त्या कायद्याची अंमलबजावणी सुलाबाईंकडे. सुलाबाई पहिल्या मजल्यावरच्या, मुलगा साखर कारखान्यात, जमीन शिराळ्याकडे. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कावळे हाकायची काठी घेऊन बसतात. मी सुट्टीच्या दिवशी एकदा प्रयत्न केला होता.

"आवं भाऊ, कुठं निगाला?"

"जरा डबा बघून येतो."

"बाया पदर खवून काम करत्यात वर. आन पुरुषमाणसाची सावली पडली की कुरडई तांबडी हुती. चार वाजता या, जातोय काय त्यो डबा पळून?"

मी खाली आलो. प्रमोदिनीला वर पाठवावं तर ती नेमकी त्याच वेळी तात्यांना वारा घालत बसलेली असायची. सुभेदारांना सांगितलं तर म्हणाले, "मी बर्फात सरहद्दीवर हुतो, पर वाळवणात गच्चीवर? न्हाई गड्या."

इकडे तात्यांच्या टाक्यांची एक कड लाल व्हायला लागली. डॉक्टर घरी येऊन गेले, दारात मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी घाम येऊ देऊ नका म्हटलं होतं." बस, एवढंच. प्रमोदिनी रात्रंदिवस वडिलांच्या उशाशी. माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद. बोललीच तर, "तुम्हाला एक यंत्र नीट ठेवता येत नाही?" लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते तिच्या वडिलांचं होतं, चाल तीच, फक्त आवाज बायकी. मला ते लागलं. फार लागलं.

आणि शनिवारी संध्याकाळी तात्यांनी निकाल दिला. "जावईबापू, तुम्ही पुष्कळ धडपडलात. ते तुमच्या आवाक्यातलं काम नाही, त्यात तुमचा दोष नाही." हे ऐकून मला वाटलं, त्यापेक्षा शिव्या द्या. "वाईला आमच्या घरात दगडी भिंती आहेत, गार असतं. जोतीरामला निरोप दिलाय. उद्या तो जीप घेऊन येईल. उद्या दुपारी हे यंत्र चाललं तर ठीक, नाहीतर मी निघतो."

"तात्या, एवढ्या उन्हातून जीपमधून?" प्रमोदिनी रडायलाच लागली. "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?"

"डॉक्टर लाल कड बघून आणखी काय म्हणणार आहेत? इथेही घाम, तिथेही घाम. निदान तिथे घर आपलं."

"मग मीही येणार तुमच्याबरोबर," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

रविवार उजाडला. मी देवासमोर नीट उभा राहिलो, एरवी मी येता-जाता हात जोडतो. जोतीराम सकाळीच जीप घेऊन हजर. हा तात्यांच्या शेतावरचा जुना माणूस, ड्रायव्हिंग फौजेतल्या भावाकडून शिकलेला. "लय उकडतंय आवं," म्हणून तो यंत्राच्या खोलीत दाराशी बसला आणि पाच मिनिटांत त्याला झोप लागली. यंत्र गार हवा सोडत होतं. तात्या घड्याळाकडे बघत होते, मी यंत्राकडे, प्रमोदिनी आमच्या दोघांकडे. बॅग दारात भरून ठेवलेली. अकरा वाजून गेले. साडेअकरा. खोली गार. मला वाटायला लागलं, देव पावला बहुधा. मी बोललोही, "बघा, आज काही होत नाही."

बोलू नये. बारा वाजायच्या आसपास यंत्राने घुर्रर्र केलं, शिट्टी मारली आणि लाल अक्षरं उगवली. ई-सहा.

तात्या उठून बसले, छातीवर हात धरून. "जोतीराम, ऊठ. गाडी काढ."

"काढतो की," जोतीराम डोळे चोळत म्हणाला. "वाटंत पाचवडला जरा टायर बगावा लागंल, पर जाऊ."

प्रमोदिनीने बॅग उचलली. तिच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिला मनापासून वाटत होतं की मी काहीतरी करीन, आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं.

मग माझं डोकं फिरलं. कायदा गेला खड्ड्यात! मी चपला न घालता जिना चढायला लागलो. वर सुलाबाई काठी घेऊन बसल्या होत्या.

"आवं भाऊ, थांबा! बाया हायत वर!"

"असू द्या!"

"कुरडई तांबडी हुईल!"

"निळी झाली तरी चालेल!" असं म्हणून मी त्यांच्या काठीखालून वाकून गच्चीवर गेलो. बायका किंचाळून बाजूला झाल्या. गच्ची तापली होती, पाय भाजून मी नाचायलाच लागलो. नाचत नाचत मी समोर पाहिलं आणि थांबलो.

माझा डबा दिसतच नव्हता. त्या जागी एक तंबू होता. डब्यासमोर खाटा एकावर एक लावलेल्या, त्यांच्यावर सगळ्या सोसायटीच्या कुरडया. भोवतीने जुनी लुगडी बांधून आडोसा केलेला, गरम वारा वाया जाऊ नये म्हणून. वरून आणखी एक लुगडं, कावळ्यांसाठी. आणि डब्याच्या मागच्या बाजूला, जिथून तो हवा आत ओढतो तिथे, एक जाड सोलापुरी चादर. डबा बिचारा श्वासासाठी ती चादर ओढून घेत होता आणि ती त्याच्या जाळीला चिकटून बसली होती.

"हे काय आहे?" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"कुरडया," कुणीतरी म्हणालं.

"खाली माझा सासरा मरायला टेकलाय आणि तुम्ही त्याच्या यंत्रावर कुरडया वाळवताय?"

सुलाबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांनाही राग आला होता. "वरडताय कशाला? एका दिवसात कुरडई कडक व्हतीय हितं. न्हाईतर तीन दिस उन्हात घालावी लागती. आन आमाला काय सपान पडलं हुतं का? तुमच्याच सासऱ्यांनी सांगितलं की!"

"कुणी?"

"आवं तात्यांनी! मी आजाऱ्याला बघाय आले हुते तवा म्हणालं, बाई, घरातली गरमी ह्यो डबा वर टाकतोय, फुकट जातीय, तुमी तिच्यावर वाळवण घाला. लुगड्याचा आडोसा बी त्येंनीच सांगितला. आन मागनं चादर लावा म्हंजे कुरडईवर धूळ उडायची न्हाई, ते बी त्येंचंच. लय हुशार माणूस. दुपारी घाला आन चार वाजता काढा म्हणालं, म्हंजे जावई वर येऊन कटकट करायचं न्हाईत."

मी चादर ओढून काढली. लुगडी सोडली, खाटा बाजूला सारल्या. बायका बोलत होत्या पण मला काही ऐकू येत नव्हतं. जिना उतरता उतरता मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. एक वेळ आडोसा समजू शकतो. म्हातारपणी काटकसरीचं वेड लागतं, फुकट जाणारी गरमी बघवत नाही, ठीक. पण हवा ओढायच्या तोंडावर चादर? ज्या माणसाने तीस वर्षं पंप चालवले, त्याला हे कळत नाही?

खाली आलो. तात्या बूट घालून खुर्चीत बसले होते. मी प्रमोदिनीला म्हटलं, "जोतीरामला चहा दे." ती म्हणाली, "आत्ता?" मी म्हटलं, "आत्ता." माझ्या आवाजात काहीतरी असावं, ती गेली. जोतीरामही उठून तिच्या मागोमाग गेला. मी दार लावलं आणि यंत्राचं बटण दाबलं. यंत्र चालू झालं.

"तात्या," मी म्हटलं, "पंपाच्या सक्शनच्या तोंडावर चादर गुंडाळली तर काय होतं?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पंप जळतो," ते म्हणाले. आणि मग हळूच, "चांगल्या बनावटीचा असेल तर जळायच्या आधी बंद पडतो. हा चांगल्या बनावटीचा आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"पुस्तक मी पहिल्याच दिवशी वाचलं."

आता मात्र मला राहवलं नाही. "अहो, मी चिखलात उभा राहिलो! अख्ख्या सोसायटीने मला शिव्या घातल्या! वीज कचेरीत माझी चोरासारखी चौकशी झाली! तुमच्या टाक्यांना लाली आली, तुमच्या लेकीने आठवडाभर डोळ्याला डोळा लावला नाही! कशासाठी? मला नालायक ठरवायला? ते तुम्ही लग्नातच ठरवलं होतं की!"

"ओरडू नका. पमी ऐकेल."

"ऐकू दे!"

तात्यांनी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "मला घरी जायचंय," ते म्हणाले. "पमी सोडणार नाही. तिला कसं सांगू, की बाई, लेकीच्या घरी बाप किती दिवस पडून राहणार? दोन दिवस पाहुणा म्हणून आलं, जेवलं, गेलं, इथवर ठीक. इथे मी तुमच्या खोलीत झोपतो आणि तुम्ही बाहेर सतरंजीवर. तुम्ही बँकेतून येता तेव्हा चपला हातात घेऊन येता. दार इतकं हळू लावता की मला मांजर आल्यासारखं वाटतं. स्वतःच्या घरात चोरासारखे वावरता तुम्ही, जावईबापू, आणि ते माझ्यामुळे. दिसत नाही का मला? यंत्र बिघडलं असतं तर कुणाचं मन न दुखवता गेलो असतो."

त्यांचं खरं होतं. चपला मी हातात घेत होतो.

"ते तुमच्यामुळे नाही," मी शेवटी म्हटलं. "तुमच्या लेकीच्या धाकाने. चप्पल वाजली तर ती माझ्याकडे कशी बघते ते तुम्हाला माहीत नाही."

"माहीत आहे," तात्या म्हणाले. "तिची आई तशीच बघायची." आणि ते हसायला लागले, आणि लगेच दोन्ही हातांनी छाती धरून बसले. "हसवू नका हो, टाके ताणतात."

"मग जायचं नाव काढू नका. टाके भरले की मी स्वतः सोडायला येईन वाईला. तोवर तुमचे टोमणे ऐकायची माझी तयारी आहे. पंधरा वर्षं ऐकतोय, आणखी महिनाभराने काय फरक पडतो?"

तात्यांनी बूट काढले. एक नीट ठेवला, दुसरा पायानेच खाटेखाली सरकवला आणि हळूच आडवे झाले. मी चादर त्यांच्या पोटापर्यंत ओढली. "पमीला सांगू नका," ते डोळे मिटून म्हणाले.

"व्होल्टेज होतं म्हणून सांगतो."

"व्होल्टेजला ई-दोन येतो. गॅस सांगा."

मी बाहेर आलो आणि दार लावलं. मुद्दाम नाही म्हणणार मी, पण असं लावलं की चौकट हादरली आणि भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. प्रमोदिनी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, काय हे! हळू! तात्यांना धक्का बसेल! घरात आजारी माणूस आहे, एवढं साधं कळत नाही का तुम्हाला?"

मी उत्तर द्यायच्या आधी आतून तात्यांचा आवाज आला. "पमे, ओरडू नकोस त्यांच्यावर. घर त्यांचं आहे, लावू देत दार कसं लावायचं तसं." मग पुन्हा आवाज, "बिजागऱ्या मात्र करकरतात. जावईबापूंना म्हणावं, तेवढं तरी जमतंय का बघा."

मी स्वयंपाकघरात तेलाची बाटली शोधायला गेलो.